424 विरुद्ध 1 : रॉन पॉल यांच्या मतांचा हिशेब

20 एप्रिल 1999 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रोझा पार्क्स यांना सुवर्णपदक देण्याचा ठराव मताला आला. या त्याच बाई, ज्यांनी 1955 साली अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. विरोध कोण करणार? बाजूने 424 मतं पडली. विरोधात पडलं एक.

ते एक मत टेक्सासचे रिपब्लिकन खासदार डॉ. रॉन पॉल यांचं होतं. त्यांचं म्हणणं असं की पदकाला येणारा सुमारे 30,000 डॉलरचा खर्च लोकांच्या करातून करण्याचा अधिकार राज्यघटनेनं आपल्याला दिलेला नाही. एवढाच आदर असेल तर प्रत्येकानं खिशातून 100 डॉलर काढावेत, मीही काढतो. सभागृहात 435 सदस्य. सगळ्यांनी काढले असते तर 43,500 जमले असते, म्हणजे पदक होऊन वर चहापाणीही निघालं असतं. पण कुणी खिशात हात घातला नाही.

आता या माणसाला काय म्हणायचं? तत्त्वनिष्ठ, हेकट, की कृष्णवर्णीयांच्या चळवळीबद्दल मनात अढी असलेला? या एका मतावरून तिन्ही निष्कर्ष काढता येतात, आणि काढलेही गेले. लोकप्रतिनिधीची मतदानाची नोंद ही दिसायला साधी होय-नाहीची यादी असते, पण ती वाचायला थोडी सवय लागते. पॉल यांची नोंद त्यासाठी उत्तम, कारण इतका सरळ वाटणारा आणि इतका बुचकळ्यात टाकणारा खासदार दुसरा सापडणं कठीण.

डॉक्टर राजकारणात कसे आले

पॉल यांचा जन्म 1935 चा, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गचा. ड्यूक विद्यापीठातून डॉक्टर झाले, हवाई दलात वैद्यकीय अधिकारी म्हणून राहिले आणि मग टेक्सासमध्ये समुद्रकिनाऱ्याजवळच्या लेक जॅक्सन या गावी प्रसूतितज्ज्ञ म्हणून स्थिरावले. पुढे त्यांच्या हातून 4,000 हून जास्त बाळंतपणं झाली. हा आकडा लक्षात ठेवा. निवडणुकीच्या राजकारणात त्याची किंमत कुठल्याही भाषणापेक्षा जास्त होती.

15 ऑगस्ट 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देण्याची हमी काढून घेतली. सोन्याचा आधार गेला की सरकार हव्या तेवढ्या नोटा छापणार, महागाई वाढणार आणि सरकारही फुगत जाणार, हे पॉल यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आपण त्यामुळेच राजकारणात उतरलो असं ते सांगत आले. 1974 मध्ये ते उभे राहिले आणि पडले. निक्सन यांना घरी पाठवणाऱ्या वॉटरगेट घोटाळ्याचं वर्ष, रिपब्लिकन पक्षाची पुरती नाचक्की झालेली. तेव्हा कुणीही पडलं असतं.

मग नशिबानं साथ दिली. ज्यांनी हरवलं त्या खासदाराला सरकारी नेमणूक मिळाली, जागा रिकामी झाली आणि एप्रिल 1976 च्या पोटनिवडणुकीत पॉल जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नियमित निवडणुकीत 300 पेक्षाही कमी मतांनी पडले. मतदान जवळपास 1,80,000. दोन वर्षांनी पुन्हा तेच प्रतिस्पर्धी, बॉब गॅमेज, आणि यावेळी पॉल सुमारे 1,200 मतांनी वर. ज्याला आपण हट्टी तत्त्ववादी म्हणून ओळखतो, त्याची सुरुवात अशी काठावरच्या आकड्यांतली आहे.

1984 मध्ये सिनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, पक्षाची उमेदवारी मागितली. ती फिल ग्रॅम यांच्याकडे गेली. पुन्हा दवाखाना. 1987 मध्ये रेगन सरकारच्या तुटीच्या अर्थसंकल्पांवर टीका करत पक्षच सोडला आणि 1988 साली, सरकार कमीत कमी हवं म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षातर्फे थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. सुमारे 4 लाख 30 हजार मतं मिळाली, म्हणजे अर्धा टक्काही नाही. इथे बहुतेकांची गोष्ट संपते.

स्वतःच्या पक्षाला हरवून परत

1996 ची निवडणूक जरा सावकाश बघू, कारण अमेरिकेतला खासदार पक्षाला का घाबरत नाही याचं उत्तर तिच्यात आहे.

आपल्याकडे उमेदवारी वरून येते. शेवटच्या रात्रीपर्यंत 'एबी फॉर्म' कुणाच्या हातात पडतो याची वाट बघत कार्यकर्ते बंगल्याबाहेर ताटकळतात. अमेरिकेत उमेदवार ठरवतात ते त्या पक्षाचे मतदारच, आधी होणाऱ्या एका वेगळ्या निवडणुकीत. तिला प्रायमरी म्हणतात. टेक्सासमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा सामना होतो.

पॉल रिपब्लिकन पक्षात परतले होते आणि टेक्सासच्या 14 व्या मतदारसंघावर त्यांची नजर होती. तिथले खासदार ग्रेग लॉफलिन हे मूळचे डेमोक्रॅट, 1995 मध्येच रिपब्लिकन पक्षात आलेले. आयात उमेदवार म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे येणाऱ्याला सांभाळून घेतलं नाही तर उद्या कोण येईल, या हिशेबानं पक्षाचं सगळं नेतृत्व लॉफलिन यांच्या पाठीशी उभं राहिलं. सभापती न्यूट गिंग्रिच त्यांच्या बाजूने, टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश त्यांच्या बाजूने. पॉल यांच्याकडे टेक्सासचा लाडका बेसबॉलपटू नोलन रायन, सोन्याच्या आणि करांच्या मुद्द्यावर देशभरातून छोट्या-छोट्या देणग्या पाठवणारे लोक, आणि गावोगावची ती बाळंतपणं.

पहिल्या फेरीत लॉफलिन पुढे होते. दुसऱ्या फेरीत पॉल यांनी त्यांना पाडलं.

म्हणजे पॉल 1997 च्या जानेवारीत वॉशिंग्टनला पोचले ते पक्षनेतृत्वाचं काहीही देणं न लागता. उलट नेतृत्वानं हरवायचा प्रयत्न करूनही ते जिंकले होते. पुढच्या 16 वर्षांत त्यांनी पक्षाविरुद्ध टाकलेलं प्रत्येक मत या मोकळेपणातून आलंय. तत्त्व वगैरे असतंच, पण तत्त्वाला पाय ठेवायला जागा लागते आणि ती जागा या प्रायमरीनं दिली.

नोव्हेंबरची लढतही सोपी नव्हती. डेमोक्रॅट उमेदवार लेफ्टी मॉरिस यांनी पॉल यांच्या नावानं निघणाऱ्या जुन्या वार्तापत्रांतला मजकूर बाहेर काढला. त्यात कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत हीन वाक्यं होती. पॉल त्या वेळी नीट झटकू शकले नाहीत. ती वाक्यं मी लिहिलेली नव्हती, असं त्यांनी काही वर्षांनी सांगितलं. हा डाग पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक मोहिमेत वर आला, आणि माझ्या मते यायलाच हवा होता. स्वतःच्या नावाचं पत्रक वर्षानुवर्षं निघतं आणि आत काय छापतात हे माहीत नसतं, हा बचाव फार तोकडा आहे. 1996 मध्ये मात्र ते सुमारे 51 टक्के मतं घेऊन निवडून आले. नंतर 2006 मध्ये 60 टक्के आणि 2008 मध्ये तर समोर डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता.

मतदान होतं कसं

प्रतिनिधिगृहात 1973 पासून इलेक्ट्रॉनिक मतदान आहे. बाकांच्या पाठीला ठिकठिकाणी छोटी यंत्रं बसवलेली असतात. सदस्य आपलं कार्ड त्यात घालतो आणि बटण दाबतो. भिंतीवर सगळ्यांची नावं उजळतात. नावापुढे हिरवा दिवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळसर म्हणजे नुसतंच हजर. साधारण 15 मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात मत बदलताही येतं. आपला माणूस लाल झाला की पक्षाचे लोक त्याला गाठायला धावतात, ते या 15 मिनिटांत.

सगळ्याच गोष्टी अशा मताला येत नाहीत. पुष्कळ कामकाज आवाजी मतदानानं उरकतं. पण हजर सदस्यांपैकी एक पंचमांश लोकांनी मागणी केली तर प्रत्येकाचं नाव नोंदवावंच लागतं. ही तरतूद थेट राज्यघटनेतच आहे.

लोकसभेत किंवा विधानसभेत असं का दिसत नाही? मतविभाजन आपल्याकडेही होतं, पण 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षानं 15 दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्वच जातं. मग मत सदस्याचं राहतं कुठे? प्रश्न उरतो तो व्हिप कुणाचा एवढाच. 2022 नंतर शिवसेनेच्या बाबतीत महाराष्ट्रानं नेमका तोच वाद बघितला: प्रतोद सुनील प्रभू की भरत गोगावले. त्यामुळे 'आमच्या आमदाराची मतदानाची नोंद' ही वस्तूच आपल्याकडे जवळपास अस्तित्वात नाही. पॉल लोकसभेत असते तर पहिल्या अधिवेशनातच अपात्र ठरून लेक जॅक्सनला परतले असते.

सगळ्यांत उजवा, पण 80 च्या घरात

अमेरिकेत हजारो मतांची नोंद जमा होत असल्यामुळे ती मोजण्याचा धंदाही मोठा आहे. दोन पद्धती मुख्य.

पहिली गुणपत्रिकेची. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियनसारखी उजव्या विचारांची संघटना वर्षभरातली आपल्याला महत्त्वाची वाटणारी काही मतदानं निवडते आणि आपल्याला हवं तसं मत देणाऱ्याला गुण देते. डावीकडे अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक अ‍ॅक्शन हेच उलट्या बाजूने करते. यात गोम अशी की प्रश्नपत्रिका काढणारा स्वतःच पक्षकार असतो. पॉल यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह युनियनकडचे आयुष्यभराचे सरासरी गुण 100 पैकी 80 च्या घरात. वाईट नाहीत, पण पहिल्या बाकावरचेही नाहीत.

दुसरी पद्धत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थल या दोन अभ्यासकांनी 1980 च्या दशकात बसवली. तिला विधेयकात काय लिहिलंय याच्याशी देणंघेणंच नाही. कोण कुणाबरोबर मत देतं, एवढंच ती बघते. समजा, तुमच्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभा तुम्ही काचेबाहेरून बघताय. आवाज ऐकू येत नाही, विषय पाण्याच्या टाकीचा की पार्किंगचा ते कळत नाही, फक्त वर होणारे हात दिसतात. तरी बऱ्याच सभा बघितल्यावर कोणाचा गट कुठला, कुंपणावर कोण आणि टोकाला कोण, हे तुम्ही छातीठोक सांगाल आणि सगळ्यांना एका रांगेत डावीकडून उजवीकडे उभंही कराल. संगणक तेच करतो.

पूल यांनी 1937 ते 2002 या काळात काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसलेल्या 3,320 सदस्यांना असं रांगेत लावलं तेव्हा उजवीकडच्या टोकाला सर्वांच्या पलीकडे उभे होते रॉन पॉल.

एका मोजपट्टीवर मधल्या बाकावरचा, दुसऱ्या पट्टीवर 65 वर्षांतला सर्वांत उजवा. हे कसं? प्रतिनिधिगृहातली पुष्कळ मतदानं पैशाची असतात: अमुक खात्याला इतके कोटी, तमुक योजनेला मुदतवाढ. अशा जवळपास प्रत्येक वेळी पॉल यांचं उत्तर 'नाही'. शेती अनुदान नाही, परदेशी मदत नाही, कला-संस्कृतीला नाही, पुराच्या विम्याला नाही. संगणकाला हे हजारो 'नाही' दिसतात आणि तो त्यांना उजवीकडे ढकलत जातो. गुणपत्रिका काढणारे मात्र मोजकेच, वर्षाचे गाजलेले विषय घेतात, आणि त्यांतल्या युद्ध, पाळत, व्यापार करार या विषयांवर पॉल डाव्यांच्या रांगेत बसलेले असतात. गुण तिथे कापले जातात.

आणखी एक गंमत. जिथे विरोधात अडीच टक्क्यांपेक्षाही कमी लोक असतात अशी एकतर्फी मतदानं पूल यांचा संगणक सरळ टाकून देतो, कारण त्यांतून गट कळत नाहीत. म्हणजे रोझा पार्क्सचं 424 विरुद्ध 1 त्यात मोजलेलंच नाही. मदर तेरेसांच्या पदकालाही पॉल यांचा विरोध होता, आणि 2004 मध्ये नागरी हक्क कायद्याच्या चाळिशीनिमित्त आलेल्या गौरव ठरावाच्या विरोधात पुन्हा ते एकटेच होते, 414 विरुद्ध 1. ज्या मतांमुळे ते जगभर 'डॉक्टर नो' म्हणून प्रसिद्ध झाले, तीच मतं शास्त्रीय मोजणीतून गाळली जातात.

मला ही गाळणी पटते. 424 च्या विरोधात एक मत देणं धाडसाचं वाटतं, पण त्यानं पदक अडलं नाही, कायदा अडला नाही, पक्षाचंही काही बिघडलं नाही. पक्षानं त्यावर रागवायचं कशाला? खासदाराचं मत किती खरं हे ओळखायचं तर आधी दोन्हीकडचा फरक बघावा.

जिथे एकेक मत मोजलं जात होतं

22 नोव्हेंबर 2003 ची पहाट. वृद्धांच्या औषधांचा खर्च मेडिकेअर या सरकारी योजनेतून देण्याचं विधेयक मताला होतं. बुश सरकारची प्रतिष्ठा पणाला लागलेली. मतदान पहाटे 3 च्या सुमारास सुरू झालं आणि 15 मिनिटं संपली तेव्हा विधेयक पडत होतं. नेत्यांनी मतदान बंदच केलं नाही. जवळपास 3 तास ते उघडं ठेवलं आणि बंडखोर रिपब्लिकन सदस्यांना कोपऱ्यात घेऊन एकेकाला वळवायला सुरुवात केली. उजाडायच्या बेताला आयडाहोचे बुच ऑटर आणि अ‍ॅरिझोनाचे ट्रेंट फ्रँक्स यांनी लालाचा हिरवा केला. 220 विरुद्ध 215 नं विधेयक पार पडलं.

हे ऑटर पॉल यांच्याच पठडीतले. 2001 मध्ये दहशतवादाविरुद्धच्या पॅट्रियट कायद्याला 357 विरुद्ध 66 नं मंजुरी मिळाली, तेव्हा विरोधात अवघे 3 रिपब्लिकन होते: पॉल, ऑटर आणि ओहायोचे बॉब ने. त्या पहाटे ऑटर वळले. पॉल यांच्या नावापुढचा दिवा लालच राहिला. दोन वर्षांनी, जुलै 2005 मध्ये, मध्य अमेरिकेशी व्यापार करार 217 विरुद्ध 215 असा निसटता पास झाला. तिथेही मतदान लांबवलं, तिथेही पॉल यांचं मत 'नाही'. मुक्त व्यापाराचा हा कट्टर पुरस्कर्ता व्यापार करारांना विरोध करायचा, कारण शेकडो पानांचा करार लागतो तो व्यापार मुक्त नव्हेच, असं त्यांचं म्हणणं.

पॉल यांच्या नोंदीतली वजनदार मतं मला ही वाटतात. सोन्याच्या पदकापेक्षा कितीतरी जास्त.

इराकचं मत या दोन्हींच्या मधलं. 10 ऑक्टोबर 2002 रोजी युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव 296 विरुद्ध 133 नं मंजूर झाला. विरोधात रिपब्लिकन फक्त 6, त्यांतले एक पॉल. फरक मोठा, त्यामुळे निकाल बदलणार नव्हता. पण टेक्सासचा रिपब्लिकन, टेक्सासचाच राष्ट्राध्यक्ष, 11 सप्टेंबरला वर्ष उलटलेलं. किंमत मोजायची तयारी लागत होती. त्याआधी समितीत त्यांनी एक चाल केली. घटनेप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार संसदेचा आहे ना, मग सरळ इराकविरुद्ध युद्ध जाहीर करू, असा ठराव त्यांनी मांडला आणि मी स्वतः याच्या विरोधात मत देणार आहे हेही सांगून टाकलं. समितीचे अध्यक्ष हेन्री हाइड यांनी ती तरतूद आता काळाच्या ओघात मागे पडली आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. पॉल यांना हेच वदवून घ्यायचं होतं.

त्याच वेळी हेही नोंदवायला हवं की 2001 च्या सप्टेंबरमध्ये दहशतवाद्यांविरुद्ध लष्करी कारवाईचा ठराव 420 विरुद्ध 1 असा मंजूर झाला, तेव्हा एकटं मत कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट बार्बरा ली यांचं होतं. पॉल 420 मध्ये होते.

मतदारसंघ काय म्हणत होता

14 वा मतदारसंघ मेक्सिकोच्या आखाताला लागून. भातशेती, गुरं, कोळंबी पकडणाऱ्या होड्या आणि दरवर्षी वादळाची धास्ती. अशा ठिकाणचा खासदार शेती अनुदानाला आणि पुराच्या विम्याला नाही म्हणतो. 2005 मध्ये कतरिना वादळानंतर जवळपास 52 अब्ज डॉलरची मदत 410 विरुद्ध 11 नं मंजूर झाली, त्या 11 मध्येही पॉल. तरी लोक निवडून देतच राहिले. का?

एक कारण दवाखाना. मतदारसंघातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी त्यांच्या हातून जन्मलेलं. सरकारी मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे ते घेत नसत; परवडत नसेल त्याला कमी पैशात किंवा फुकट बघत. दुसरं कारण त्यांचं कार्यालय. अडलेली पेन्शन, माजी सैनिकाचं न मिळालेलं पदक, पासपोर्ट, अशी कामं तिथे झटपट होत. मोहिमेत घरच्या पाककृतींची पुस्तिका वाटली जाई. ज्याला नोकरशाही नको, तोच माणूस नोकरशाहीकडून तुमचं काम करून आणण्यात पटाईत! आपल्याकडचा कुठलाही जुना आमदार हे गणित ओळखेल.

तिसरं कारण मतदानाच्या नोंदीत दिसतच नाही. अमेरिकेत खासदार मोठ्या खर्चाच्या विधेयकात आपल्या भागासाठी एखादं काम नावानिशी घुसवू शकतो. त्याला इयरमार्क म्हणतात. पॉल आखातातली कामं, कोळंबीच्या जाहिरातीसाठीचे पैसे, असल्या मागण्या विधेयकात घालायला पाठवत आणि मग अख्ख्या विधेयकाच्या विरोधात मत देत. विधेयक पास होणार हे ठरलेलंच. म्हणजे पैसा मतदारसंघात, आणि नोंदीत स्वच्छ 'नाही'. डिसेंबर 2007 मध्ये टीव्हीवर मुलाखतकार टिम रसर्ट यांनी यावरून त्यांना चांगलंच धारेवर धरलं. पॉल यांचा युक्तिवाद असा: इयरमार्कनं एकूण खर्च वाढत नाही, फक्त तो कुठे करायचा हे नोकरशहाऐवजी खासदार ठरवतो, आणि लोकांकडून घेतलेला कर त्यांना परत मिळवून देण्यात गैर काय?

युक्तिवाद अगदीच फुसका नाही. पण शेजारचा खासदार हेच करून 'होय' म्हणतो, तेव्हा निदान त्याची पावती त्याच्या नावावर फाटते. इथे 'नाही'ची कीर्ती आणि 'होय'चा लाभ दोन्ही घरात. पॉल यांच्या सच्चेपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं.

उलट बाजूही आहे: मतांच्या नोंदीत न दिसणारं त्यांचं यश. त्यांनी मांडलेली विधेयकं 600 हून जास्त, कायदा झालं फक्त एक. 2009 सालचं ते विधेयक टेक्सासच्या गॅल्व्हस्टन शहरातल्या जुन्या कस्टम हाउसबद्दल, एकोणिसाव्या शतकातली ही सरकारी इमारत तिथल्या वारसा जतन करणाऱ्या संस्थेला विकण्याबद्दलचं होतं. सरकार लहान करायला निघालेल्या माणसाचा एकमेव कायदा सरकारची एक इमारत कमी करणारा निघावा, हे शोभूनच दिसतं.

एवढ्यावरून त्यांना निकामी खासदार ठरवणारे एक गोष्ट विसरतात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, हिच्या कारभाराचं ऑडिट व्हावं ही त्यांची मागणी दशकानुदशकं विक्षिप्त समजली जायची. 2008 च्या सप्टेंबरात बँका कोसळल्या, 700 अब्ज डॉलरची बचाव योजना आली, पॉल यांनी अर्थातच विरोध केला, आणि लोकांना अचानक विचारावंसं वाटलं की हा पैसा जातो कुठे. नोव्हेंबर 2009 मध्ये फ्लोरिडाचे कडवे डेमोक्रॅट अ‍ॅलन ग्रेसन यांना बरोबर घेऊन पॉल यांनी समितीत ऑडिटची दुरुस्ती 43 विरुद्ध 26 नं जिंकली. पुढे बँकांना वेसण घालणाऱ्या डॉड-फ्रँक कायद्यात फेडच्या आणीबाणीतल्या कर्जांची एकदाच तपासणी करण्याची, त्यामानानं सौम्य तरतूद आली. त्या अख्ख्या कायद्याच्या विरोधात पॉल यांनी मत दिलं, हे सांगायला नकोच. 25 जुलै 2012 रोजी पूर्ण ऑडिटचं त्यांचं विधेयक प्रतिनिधिगृहात 327 विरुद्ध 98 नं पास झालं. सिनेटमध्ये ते अडकलं. पण ज्यांच्या विरोधात ते आयुष्यभर एकटे मत देत होते, त्यांतले 300 हून जास्त जण त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते.

राष्ट्राध्यक्षपदाचा नाद

2008 आणि 2012 मध्ये ते रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरले. मोहिमेच्या काळात वॉशिंग्टनमधली बरीच मतदानं चुकली, हे नोंद वाचताना ध्यानात ठेवायचं. गैरहजेरी म्हणजे तटस्थता नव्हे. 16 डिसेंबर 2007 रोजी समर्थकांनी इंटरनेटवरून एका दिवसात सुमारे 60 लाख डॉलर जमवले आणि पक्षातल्या सगळ्यांचे डोळे विस्फारले. 2012 च्या प्रायमरींत जवळपास 20 लाख मतं मिळाली. समर्थकांत कॉलेजातल्या तरुणांचा मोठा भरणा, आणि उमेदवार पंचाहत्तरी ओलांडलेला. उमेदवारी काही मिळाली नाही. मुलगा रँड तोवर केंटकीतून सिनेटवर पोचला होता. जानेवारी 2013 मध्ये, 12 वेळा प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेले पॉल निवृत्त झाले.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. राज्याराज्यातून निवडलेले 538 निर्वाचक नंतर मत देतात. 1988 मध्ये सव्वाचार लाखांवर लोकांनी पॉल यांना मत दिलं होतं आणि निर्वाचकांची मतं मिळाली होती शून्य. 2016 मध्ये लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांना सुमारे 45 लाख मतं पडली, निर्वाचकांची पुन्हा शून्य. त्याच वर्षी टेक्सासच्या एका रिपब्लिकन निर्वाचकानं ट्रम्प यांना मत द्यायचं नाकारलं आणि चिठ्ठीवर रॉन पॉल यांचं नाव लिहिलं. ते उमेदवार नव्हते, त्यांनी एक दिवसही प्रचार केला नव्हता, वय 81. त्या निवडणुकीच्या अधिकृत निकालात त्यांच्या नावापुढे 1 असा आकडा आहे.